जोर आणि स्त्रियांचे बाहुबळ

जोर हा तळहात व पायांचे चवडे जमिनीवर टेकवून, शरीर ताठ ठेवून, कोपरांतून खाली जाण्याचा आणि पुन्हा वर उठण्याचा व्यायाम आहे. त्यास दंड किंवा पुश-अप असेही म्हणतात. या व्यायामाने छाती, खांदे, दंडांची मागील बाजू आणि धड यांची ताकद वाढते. त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही आणि पुरुषभर जागा पुरते. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा व्यायाम दीर्घकाळ 'न जमणारा' मानला गेला. अनेक शाळा व व्यायामशाळांत मुलींसाठी त्याचे गुडघे टेकवून करावयाचे निराळे रूप रूढ झाले. स्त्रियांच्या शरीराच्या वरच्या भागात ताकद किती असते, ती कशी वाढते आणि तिचे मोजमाप कसे करावे, हे प्रश्न या व्यायामाशी निगडित आहेत.

नावे व प्रकार

मराठीत 'जोर-बैठका' हा जोडशब्द तालमीतील मूलभूत व्यायामासाठी वापरला जातो. 'दंड' या शब्दाचा दुसरा अर्थ खांद्यापासून कोपरापर्यंतचा हाताचा भाग असा आहे. त्यामुळे 'दंड काढणे' आणि 'दंड थोपटणे' या दोन क्रिया एकाच आखाड्यातल्या असल्या तरी भिन्न आहेत.

तालमीतील पारंपरिक जोर आणि आजचा पुश-अप एकच नव्हेत. पारंपरिक जोरात सुरुवातीला कंबर वर उचललेली असते. तेथून डोके व छाती जमिनीलगत पुढे सरकवत नेतात, मग छाती वर उचलून पाठीला बाक देतात आणि कंबर मागे घेऊन मूळ स्थितीत येतात. पुश-अपमध्ये टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखे सरळ राहते व फक्त हात वाकतात. पहिल्यात पाठीचा कणा व खांदे यांची लवचिकता अधिक लागते, तर दुसऱ्यात भार मोजणे व पुनरावृत्ती तपासणे सोपे जाते. कसोट्यांमध्ये दुसरा प्रकार वापरला जाण्याचे कारण हेच. या लेखात यापुढे 'जोर' हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

क्रिया

जोर काढताना मुख्य काम छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढील भाग आणि दंडामागील त्रिशिर स्नायू करतात. खांद्याचे पाते बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू पाते स्थिर राखतो. पोट, कंबर व नितंब यांचे स्नायू शरीर मध्येच खचू देत नाहीत. नवशिक्या व्यक्तीचा जोर पुष्कळदा हातांमुळे नव्हे, तर कंबर खाली लोंबल्यामुळे बिघडतो.

या व्यायामात संपूर्ण वजन हातांवर येत नाही. प्रयोगशाळेत बलमापक पट्टीवर केलेल्या मोजणीनुसार पूर्ण जोरात हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो. गुडघे टेकवल्यास तो सुमारे ४९ टक्के होतो. हात ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवल्यास सुमारे ५५ टक्के आणि ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवल्यास सुमारे ४१ टक्के भार येतो. उलट पाय ६० सेंटिमीटर उंच ठेवल्यास तो ७४ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ५५ किलो वजनाची स्त्री पूर्ण जोर काढताना साधारण ३५ किलो रेटते, गुडघे टेकवून सुमारे २७ किलो. छातीवरून ३५ किलोची सळई वर रेटणे कोणत्याही नवशिक्या व्यक्तीस, स्त्री असो वा पुरुष, पहिल्याच दिवशी जमेल अशी अपेक्षा कोणी धरत नाही. जोराच्या बाबतीत मात्र ती धरली जाते आणि जमला नाही की दोष स्त्रीच्या शरीरावर टाकला जातो.

स्त्री-पुरुषांतील फरक

सरासरी पाहता स्त्रियांच्या शरीराच्या वरच्या भागाची ताकद पुरुषांच्या सुमारे ५० ते ६० टक्के आणि पायांची ताकद सुमारे ६० ते ७५ टक्के आढळते. हा फरक मुख्यतः स्नायूंच्या आकारमानाचा आहे. पौगंडावस्थेत मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते. खांदे रुंद होतात आणि छाती व हातांवर स्नायू भरतात. मुलींमध्ये याच वयात चरबीचे प्रमाण वाढते. जोरात स्वतःचेच वजन उचलायचे असल्याने हा फरक दुहेरी जाणवतो: उचलणारा स्नायू लहान आणि उचलायच्या वजनात स्नायूचा वाटा कमी. स्नायूंचा समान आकाराचा छेद घेतल्यास मात्र स्त्री व पुरुषांच्या स्नायूंत निर्माण होणारे बल जवळजवळ सारखे असते.

सुरुवातीची ताकद कमी असणे आणि ताकद वाढवण्याची क्षमता कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्रिया व पुरुषांना सारखेच प्रशिक्षण दिलेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्नायूंची प्रमाणशीर वाढ दोघांत सारखी आढळली. शरीराच्या वरच्या भागाच्या ताकदीत तर स्त्रियांची प्रमाणशीर वाढ अधिक होती. ज्या हातांना पूर्वी फारसा व्यायामच नव्हता, त्यांना वाढण्यास वाव जास्त असतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय. तसेच स्वतःच्या कमाल ताकदीच्या ठरावीक टक्क्यांवर स्नायू ताणून धरावयाचा असेल, तर स्त्रिया पुष्कळदा पुरुषांहून उशिरा थकतात.

सहनशक्तीचे टोकाचे उदाहरण म्हणून कॅनडातील डॉनाजीन वाइल्ड यांचा उल्लेख करता येईल. निवृत्त शिक्षिका असलेल्या वाइल्ड यांनी २०२४ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, एका तासात १,५७५ जोर काढून स्त्रियांचा गिनीज विश्वविक्रम नोंदवला.

पूर्वपीठिका

स्त्रीचे हात स्वभावतःच दुबळे असतात, ही समजूत फार जुन्या पुराव्यांशी जुळत नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मध्य युरोपातील प्रागैतिहासिक स्त्रियांच्या हाडांची तुलना आजच्या स्त्री-खेळाडूंच्या हाडांशी केली. नवाश्मयुगातील शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे, शरीराच्या आकाराच्या मानाने, केंब्रिजच्या नौकास्पर्धेतील स्त्रियांच्या हाडांपेक्षा ११ ते १६ टक्के अधिक मजबूत निघाली. पायांच्या हाडांत असा फरक नव्हता. याचे एक प्रमुख कारण म्हणून संशोधकांनी दगडावर दगड पुढे-मागे रेटून धान्य दळण्याच्या कामाकडे बोट दाखवले. त्या काळचे हे दळण फिरत्या जात्यापेक्षा पाट्या-वरवंट्याच्या जवळचे होते. गुडघ्यांवर बसून, धड पुढे झुकवून, दोन्ही हातांनी दगड रेटणे ही क्रिया जोराच्या अर्ध्या वाटेवरची म्हणता येईल.

महाराष्ट्रातही दळण, कांडण, विहिरीचे पाणी शेंदणे व पाट्यावर वाटणे ही कामे गिरणी, नळ आणि मिक्सर येईपर्यंत बायकांच्या हातांनीच होत. ते कष्ट होते, व्यायाम नव्हे. त्यात विश्रांती, आहार वा टप्प्याटप्प्याने वाढ यांचा विचार नव्हता. कष्टाची कामे यंत्रांकडे गेली हे चांगलेच झाले, पण त्यांच्या जागी हातांना दुसरे काम आले नाही.

तालमी व आखाडे मुख्यतः पुरुषांचे राहिले. स्त्रियांपर्यंत पोहोचलेला, जोराशी नाते असणारा व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्री-पुरुष दोघांसाठीही त्याचा हिरिरीने प्रसार केला. सूर्यनमस्कारातील अष्टांग स्थितीत दोन्ही पाय, गुडघे, हात, छाती व हनुवटी जमिनीला टेकतात. त्या स्थितीत हळूहळू उतरणे म्हणजे जोराचा उतरता अर्धा भाग, आणि तोही गुडघ्यांच्या आधाराने. रोज बारा नमस्कार सावकाश घालणाऱ्या स्त्रीच्या हातांची काही पूर्वतयारी आपोआप झालेली असते. मात्र घाईने, पोटावर पडून घातलेल्या नमस्कारांत हा लाभ मिळत नाही.

कसोट्यांतील जोर

स्त्रियांची ताकद मोजताना जगभर दोन वेगळ्या पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत क्रियाच बदलली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या प्रचलित कसोटीत पुरुष चवड्यांवर, तर स्त्रिया गुडघ्यांवर जोर काढतात. भारतातील 'खेलो इंडिया' शालेय तंदुरुस्ती चाचणीतही मुलग्यांसाठी पूर्ण आणि मुलींसाठी गुडघे टेकवून केलेला जोर ठेवला आहे. दुसऱ्या पद्धतीत क्रिया तीच राहते, संख्या बदलते. अमेरिकी भूसेनेने १९८० मध्ये लागू केलेल्या कसोटीत १७ ते २१ वयोगटातील पुरुषास दोन मिनिटांत किमान ४२ आणि स्त्रीस किमान १९ जोर काढावे लागत. दोघांचेही गुडघे जमिनीपासून वर असत. त्यानंतरच्या कसोट्यांत दर वेळी छाती जमिनीला टेकवून हात उचलण्याचा प्रकार आला.

या दोन पद्धतींपैकी दुसरी अधिक उपयुक्त मानावी लागेल. संख्या कमी असली तरी मुलगी खरा जोर शिकते आणि पुढे वाढवू शकते. क्रियाच बदलली की वर्षानुवर्षे गुडघ्यांवर सराव करूनही पूर्ण जोर हा वेगळा, मुलांचा व्यायाम वाटत राहतो. गुडघे टेकवलेल्या जोराला इंग्रजीत 'मुलींचा जोर' म्हणण्याची सवय तर या समजुतीला खतपाणीच घालते. दुर्बल किंवा नवशिक्या पुरुषासही तो तितकाच उपयोगी आहे.

जोर आणि आरोग्य यांच्या संबंधावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अग्निशमन जवानांचा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. त्यात ४० पेक्षा अधिक जोर काढणाऱ्यांना पुढील दहा वर्षांत हृदयविकाराच्या घटना फारच कमी आढळल्या. परंतु या अभ्यासातील सर्व १,१०४ सहभागी पुरुष होते. त्याचे आकडे स्त्रियांना लावता येत नाहीत.

महाराष्ट्रात या ताकदीला व्यावहारिक महत्त्व आले आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींसाठी धावण्याबरोबर गोळाफेक असते. गोळा पायांच्या जोरावर सुटत असला, तरी शेवटचा रेटा छाती, खांदा व त्रिशिर स्नायूंचाच असतो. पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि त्यातील १७ छात्रा मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाल्या. अशा वाटांवर निघालेल्या मुलीने शाळेत फक्त गुडघ्यांवरचा जोर पाहिलेला असेल, तर तिला वयाच्या अठराव्या वर्षी पायाभरणीपासून सुरुवात करावी लागते.

सराव

पूर्ण जोरापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे हातांची उंची हळूहळू कमी करणे. भिंत, स्वयंपाकघराचा ओटा, भक्कम पलंगाची कड, जिन्याची खालची पायरी आणि शेवटी जमीन, असा उतरता क्रम घरातच मिळतो. या पद्धतीत पहिल्या दिवसापासून शरीर टाचांपर्यंत ताठ राहते, म्हणून पोट व कंबरही तयार होते. गुडघ्यांवरच्या जोरात भार कमी होतो, पण मांड्या व नितंब कामातून सुटतात. त्यामुळे गुडघ्यांवर वीस जोर काढणाऱ्या मुलीलाही चवड्यांवर एक जमत नाही, असा अनुभव येतो. प्लॅस्टिकची खुर्ची किंवा गुळगुळीत फरशीवरचा चौरंग आधाराला घेऊ नये, तो घसरतो.

एका उंचीवर सलग दहा-बारा जोर नीट निघू लागले की खालची पायरी घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती देऊन, दर वेळी तीन-चार फेऱ्या पुरेशा होतात. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण हात भरलेले दिसत नाहीत. या काळात मेंदू व मज्जातंतू असलेल्याच स्नायूंचा अधिक भाग कामाला लावण्यास शिकत असतात. स्नायूंची वाढ त्यानंतर दिसू लागते. स्नायू उतरताना चढण्यापेक्षा अधिक भार पेलतात. म्हणून पूर्ण जोर वर उठत नसेल, तरी वरच्या स्थितीतून तीन ते पाच सेकंदांत सावकाश खाली उतरणे आणि गुडघे टेकवून पुन्हा वर येणे हा उत्तम सराव आहे.

तळहात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवावेत आणि कोपरे धडाशी साधारण ४५ अंशांचा कोन करून मागे जावीत. कोपरे खांद्यांच्या रेषेत बाहेर फेकल्यास खांद्याच्या सांध्यावर नको तो ताण येतो. श्वास खाली जाताना घ्यावा आणि वर उठताना सोडावा. जोर काढल्याने स्त्रियांचे खांदे पुरुषी होतात ही भीती निराधार आहे. केवळ स्वतःच्या वजनावर, स्त्रीच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनच्या प्रमाणात, तेवढी वाढ होत नाही. स्तनांचा आकारही याने बदलत नाही, कारण स्तनांत स्नायू नसतात; त्यांच्यामागील छातीचा स्नायू तेवढा बळकट होतो.

दक्षता

मनगट दुखत असल्यास मुठी वळून किंवा जोर काढण्याच्या कड्या धरून जोर काढावेत. त्यामुळे मनगट मागे मुडपत नाही. गरोदरपणात हाताच्या नसांवर दाब येऊन बोटांना मुंग्या येण्याचा त्रास अनेकींना होतो. अशा वेळी मनगटावर भार देणे टाळावे. प्रसूतीनंतर पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेवर काही काळ विलग राहू शकतात. जोर काढताना पोटाच्या मध्यभागी उंचवटा येत असेल, तर जमिनीवरचे जोर थांबवून भिंतीपासून पुन्हा सुरुवात करावी आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने घटते आणि पडताना हात टेकल्याने मनगट मोडण्याचे प्रमाण स्त्रियांत वाढते. या वयात स्नायूंना ताकदीचा व्यायाम देणे विशेष महत्त्वाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस अशा व्यायामाची शिफारस केली आहे. अस्थिविरलतेचे निदान झालेल्या स्त्रीने भिंतीवरचे वा ओट्यावरचे जोर डॉक्टरांना विचारून सुरू करावेत. जमिनीपर्यंत पोहोचणे तिच्यासाठी आवश्यक नाही.