मुरगावच्या धक्क्यावरची अदलाबदल

नेरळला पाऊस एकदा लागला की घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही. माथेरानची छोटी गाडीसुद्धा वर चढायची थांबते. गेल्या आषाढात अशाच सक्तीच्या विश्रांतीत मी १९४३ सालची टिपणे काढून ओसरीवर बसलो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले; खोड काही जात नाही!

आमच्या भागात १९४३ म्हटले की भाई कोतवाल आठवतात. माथेरानचा हा वीर २ जानेवारीला सिद्धगडावर पडला. पण त्याच वर्षी गोव्यात काय चालले होते, हे साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हते.

पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. तरी मार्चमध्ये इंग्रजांनी गुपचूप येऊन मुरगाव बंदरात आश्रयाला राहिलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर छापा घातलाच. त्यावर १९८० साली इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा ती हकीकत पुष्कळांना माहीत असेल. मला सांगायची आहे ती ऑक्टोबरची.

त्या महिन्यात तेया मारू हे जपानी जहाज मुरगावला लागले. त्यात चीन, जपान, फिलिपीन्स इकडे अडकलेले सुमारे दीड हजार अमेरिकन, कॅनेडियन वगैरे लोक होते. मिशनरी, शिक्षक, व्यापारी, बायकामुले. पलीकडून ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज अमेरिकेतल्या जपान्यांना घेऊन आले. शत्रूंची माणसे, पण बंदर तिसऱ्याचे! १९४२ साली अशीच अदलाबदल पोर्तुगीज आफ्रिकेत लॉरेन्सो मार्किसला झाली होती. मुरगावच्या धक्क्यावर या जहाजातली माणसे त्या जहाजात गेली, त्यातली यात आली.

हे मी घरात वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या.

"चला, सगळी आपापल्या घरी गेली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"सगळी कुठली? ग्रिप्सहोमवर अमेरिकेत जन्मलेली जपानी मुलेही होती. काही कुटुंबे तर पेरूतून आणलेली."

त्यांचा हात सुपातच थांबला. "म्हणजे त्या पोरांना घरापासूनच लांब नेलं की हो!"

इतकी वर्षे मी या प्रकरणाला 'सुटका' म्हणत आलो होतो. टिपणवहीतला तो शब्द मी त्याच संध्याकाळी खोडला. दुसरा अजून सुचलेला नाही.

दिवाळी आटोपली की आम्ही दोघे मुरगावला जाणार आहोत. तो धक्का त्यांनाही पाहायचा आहे.