वाचनयंत्राचें कुलूप

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालीं झाली. तेव्हांपासून या शहरांतील कित्येक पिढ्यांनीं पुस्तकें घरीं नेलीं, वाचलीं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविलीं आणि परत केलीं. पुढें २००९ सालीं कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनें विनायक रानडे यांनीं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. तींतील पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीवर जाऊन राहूं लागल्या, आणि कांहीं पेट्या तर थेट दुबईपर्यंत पोंचल्या. या साऱ्या देवघेवींत एक गोष्ट इतकी स्वाभाविक होती कीं, तिचा वेगळा विचार करण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. छापील पुस्तक ज्याच्या हातीं पडेल त्याच्यापुढें तें उघडतें. तें त्याचें नांव विचारीत नाहीं, देश विचारीत नाहीं, किंवा त्यानें स्वतः पैसे मोजले कीं मित्रानें, याचीही चौकशी करीत नाहीं.

ई-रीडर मात्र हातीं घेतांच प्रथम खातें विचारतो. ज्याला मराठींत वाचनयंत्र म्हणावयास हरकत नाहीं असें हें उपकरण आतां शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत आलेलें आहे, आणि त्याच्या पाठोपाठ एक नवी कुरकुरही आलेली आहे. पैसे भरले, पण पुस्तक उघडत नाहीं. काल वाचलेलें पुस्तक आज दिसत नाहीं. मुलानें परदेशांतून आणलेल्या यंत्रावर हवें तें मराठी पुस्तक विकतच मिळत नाहीं. अशा वेळीं दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. वस्तुतः यंत्र बहुधा निर्दोष असतें. अडचण असते ती परवानगींत.

यंत्राचे म्हणून जे खरे दोष आहेत, ते आधीं उरकलेले बरे. या यंत्राचा पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा स्वयंप्रकाशी नसतो. त्यांत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपींत पांढरे व काळे असे परस्परविरुद्ध विद्युत्‌भाराचे कण तरंगत असतात. विजेचा झटका मिळाला कीं त्यांतील एका रंगाचे कण वर येतात आणि तेथेंच स्थिरावतात. स्थिरावलेलें पान तसेंच राखण्यास वीज लागत नाहीं, म्हणून असें यंत्र एकदां भारलें कीं आठवडेच्या आठवडे चालतें. पण त्याच कारणानें मागल्या पानाची पुसट सावली पुढच्या पानावर रेंगाळते. सेटिंग्जमध्यें प्रत्येक पान उलटतांना पडदा पूर्ण पुसून घेण्याची सोय असते. ती चालू केली कीं सावली जाते. यंत्र अजिबात गोठलें, तर किंडलच्या बाबतींत त्याचें बटण सुमारें ४० सेकंद दाबून धरावें. तें पुन्हां सुरू होतें आणि आंतील पुस्तकांना धक्का लागत नाहीं. वाय-फाय जुळत नसेल तर राउटर पाहावा, कारण अनेक जुन्या यंत्रांना २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीच समजतात, ५ च्या समजत नाहींत. तारीख चुकलेली असली तरीही दुकानाचें दार उघडत नाहीं. सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य असतें, आणि कालगणना चुकलेल्या यंत्राला तें खोटें वाटतें.

एवढें तपासूनही पुस्तक उघडलें नाहीं, तर यंत्र बाजूला ठेवून खात्याकडे वळावें.

एक नेहमींचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा दिवाळीला नाशिकला येतो आणि वडिलांसाठीं वाचनयंत्र आणतो. विमानतळावरच त्यानें तें स्वतःच्या खात्यावर नोंदविलेलें असतें, म्हणजे वडिलांना कांहीं खटाटोप पडूं नये. हेतु चांगला, परिणाम मात्र चमत्कारिक होतो. वडील गंगापूर रोडवर बसून पुस्तक विकत घेतात आणि पैसे मुलाच्या कार्डावरून जातात. दोघे एकच कादंबरी वाचूं लागले, तर यंत्र वडिलांना विचारतें, ‘आपण पान २१० पर्यंत वाचलेलें आहे, तेथें जाऊं काय?’ वडील तर अद्याप चाळिसाव्या पानावर असतात. शिवाय तें खातें अमेरिकेच्या दुकानाशीं बांधलेलें असल्यामुळें, जें पुस्तक प्रकाशकानें केवळ भारतांत विकण्यास दिलें आहे तें तेथें दिसत नाहीं. छापील पुस्तकाच्या जगांतही ‘फक्त भारतीय उपखंडांत विक्रीसाठीं’ अशी ओळ असते, पण ती ओळ वाचून पुस्तक कपाटांतून नाहींसें होत नाहीं. येथें तसें होतें.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकतां कामा नये. वडिलांच्या नांवानें भारतीय पत्त्याचें निराळें खातें उघडावें; यंत्र मुलाच्या खात्यांतून काढून या खात्यावर नोंदवावें. असें करतांना मुलाच्या खात्यावरील पुस्तकें यंत्रावरून निघून जातात, पण त्याच्या खात्यांत तीं शाबूत राहतात, यास्तव घाबरण्याचें कारण नाहीं. एकाच ई-मेल पत्त्यावर भारतीय दुकानाचें एक व अमेरिकन दुकानाचें एक अशीं दोन खातीं असण्याचाही संभव असतो. ‘माझीं पुस्तकें गेलीं’ अशी ओरड ज्यांच्या घरीं होते, त्यांनीं दोन्ही दारें ठोठावून पाहावीं. पुष्कळदां पुस्तकें दुसऱ्या घरांत सुखरूप असतात.

पैशाच्या बाजूलाही कांहीं अडसर आहेत, आणि ते पुस्तकविक्रेत्याचे नसून आपल्याच बँकव्यवस्थेचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीं कार्डें केवळ देशांतर्गत व्यवहारासाठींच चालू करून दिलीं जाऊं लागलीं. परदेशी दुकानांत पैसे भरावयाचे तर ती परवानगी ग्राहकानें स्वतः चालू करावी लागते. १ ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरही नवे निर्बंध आले, आणि त्या सुमारास अनेकांच्या वर्गण्या कळत नकळत बंद पडल्या. वर्गणी थांबली कीं तिच्या आधारें घेतलेलीं पुस्तकें यंत्रावर उघडेनाशीं होतात, कारण तीं विकत घेतलेलीं नसतात. वाचनालयांतून आणलेल्या पुस्तकासारखीं उसनीं असतात. विकत घेतलेलीं पुस्तकें व वर्गणीचीं पुस्तकें पडद्यावर मात्र एकाच फळीवर शेजारीं शेजारीं उभीं असतात. हा घोटाळा वाचकाच्या अज्ञानाचा म्हणतां येणार नाहीं. फळीची मांडणीच तशी आहे.

तीच गोष्ट ‘विकत घ्या’ या बटणाची. अँड्रॉइड मोबाइलवरील किंडल ॲपमधून तें २०२२ सालीं नाहींसें झालें. ॲपमध्यें होणाऱ्या विक्रीवर गूगलनें आपल्या मार्गानें पैसे भरण्याची व त्यावर वाटा देण्याची सक्ती केली, तेव्हां ॲमेझॉननें ॲपमधील विक्री बंद केली. त्या वेळीं ॲप बिघडलें असें समजून कितीकांनीं तें काढून पुन्हां बसविलें असेल, कोण जाणे! वास्तविक ब्राउझर उघडून दुकानाच्या पानावर पुस्तक घ्यावें. तें आपोआप ॲपमध्यें येतें.

आतां मुख्य प्रश्न. पैसे देऊन घेतलेलें ई-पुस्तक वाचकाच्या मालकीचें असतें काय? बहुतेक ठिकाणीं तो वाचण्याचा परवाना असतो, मालकी नसते. जुलै २००९ मध्यें ही गोष्ट जगाला प्रथम ढळढळीतपणें दिसली. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या दोन पुस्तकांच्या कांहीं प्रती ज्यानें विक्रीस ठेवल्या होत्या त्याला तसा हक्क नव्हता, हें ध्यानांत येतांच ॲमेझॉननें त्या ग्राहकांच्या यंत्रांवरून दूर बसल्या पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखानें जाहीर क्षमाही मागितली. पण एका विद्यार्थ्यानें अभ्यासासाठीं केलेलीं टिपणें मूळ पुस्तकावांचून निरुपयोगी झालीं. घरांत शिरून कपाटांतलें पुस्तक उचलून नेणें आणि उशाशीं पैसे ठेवणें, असाच तो प्रकार होता. पुढें २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकानच बंद केलें, आणि जुलै महिन्यापासून तेथें घेतलेलीं पुस्तकें कोणालाही उघडतां येईनात. किंमत परत करण्यांत आली, व ज्यांनीं टिपणें केलीं होतीं त्यांना वर २५ डॉलर मिळाले. समासांतल्या टिपणांचा भाव बाजारांत ठरण्याचा हा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

१ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत असा कायदा अमलांत आला कीं, विक्रेता परवाना देत असेल तर ‘खरेदी’ हा शब्द वापरतांना त्यानें तसें स्पष्ट सांगावें. त्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस ॲमेझॉननें, विकत घेतलेलीं कुलूपबंद पुस्तकें संगणकावर उतरवून तारेनें यंत्रावर नेण्याची जुनी सोय काढून टाकली. ज्यांचीं जुनीं यंत्रें वाय-फायला जुळत नव्हतीं, त्यांना ही गोष्ट विशेष जाचली. कुलूप फोडण्याचीं साधनें सर्वत्र मिळतात, हें खरें. परंतु भारतीय कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेल्या ६५-अ कलमान्वयें, हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊं शकतो. म्हणून शहाणपणाचा मार्ग कुलूप फोडण्यापेक्षां खरेदीपूर्वीं कुलूप पाहण्याचा आहे. कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तर ती घ्यावी व आपल्या संगणकावर एक नक्कल ठेवावी. खात्याशीं जोडलेला दूरध्वनि क्रमांक बदलला असेल तर तोही त्वरित बदलावा; परवलीचा आंकडा बंद पडलेल्या सिमकार्डावर जाऊं लागला कीं सारें ग्रंथालय दाराआड राहतें.

मराठी वाचकाच्या वाट्याला याशिवाय एक खास अडचण येते. किंडलवर मराठीसह पांच भारतीय भाषांचीं पुस्तकें रीतसर आलीं तीं डिसेंबर २०१६ मध्यें. तत्पूर्वीं, आणि पुष्कळ अंशीं नंतरही, मराठी पुस्तकें संगणकावर आलीं तीं पीडीएफच्या रूपानें. पीडीएफ म्हणजे पानाचें जणूं छायाचित्र. त्यांत अक्षर मोठें केलें कीं पानच मोठें होतें व ओळ पडद्याबाहेर जाते. शिवाय युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर असला, तर जोडाक्षरें फुटतात आणि शब्द शोधल्यास सांपडत नाहीं. यंत्राची कितीही सेटिंग्ज बदललीं तरी हा दोष जात नाहीं, कारण तो पुस्तकाच्या घडणींत आहे. फार तर यंत्र आडवें धरावें व समास कापण्याची सोय असल्यास ती वापरावी. ई-पब नांवाच्या प्रकारांत मात्र मजकूर पडद्याप्रमाणें वाहतो, आणि तेथें अक्षराचा आकार, ओळींतील अंतर व टंक हीं सर्व बदलतां येतात. २०१८ नंतरच्या किंडलमध्यें आपला आवडता देवनागरी टंकही ‘फॉन्ट्स’ या कप्प्यांत ठेवतां येतो. २०२२ पासून ई-पब पुस्तक किंडलवर पाठवितां येतें. त्यापूर्वीं तें नाकारलें जाई. पुण्याच्या बुकगंगेचीं ई-पुस्तकें तिच्या स्वतःच्या ॲपमध्यें वाचावयाचीं असतात, म्हणून तीं किंडलवर उघडण्याची धडपड करूं नये. दोन्ही दुकानांचीं पुस्तकें एकाच शाईच्या पडद्यावर हवीं असतील, तर ॲप बसवितां येणारें अँड्रॉइडवर चालणारें वाचनयंत्र घ्यावें.

कुलूप नसलेलीं पुस्तकें कोणतीं, याचें उत्तर बऱ्याच अंशीं दिनदर्शिकेंत आहे. भारतांत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें हक्क चालतो. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्याच तुरुंगांत लिहिली. गुरुजी १९५० सालीं निवर्तले, आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचें मूळ लेखन भारतांत सर्वांना मोकळें झालें. एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना वा चित्रें मात्र निराळ्या हक्कांत असूं शकतात. नाशिकचेच कुसुमाग्रज १९९९ सालीं गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्क २०५९ अखेरपर्यंत चालेल. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकें ई-पब रूपांत उतरवून घेतां येतात, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें आपलीं पुष्कळ प्रकाशनें विनामूल्य पीडीएफ रूपांत ठेवलीं आहेत. या पुस्तकांना खातें लागत नाहीं, देश लागत नाहीं, आणि आजोबांनीं उतरविलेली प्रत नातीच्या यंत्रावर विनातक्रार उघडते.

ज्यांची दृष्टि अधू झाली आहे अशांच्या बाबतींत पुस्तकाचें रूप तर निर्णायक ठरतें. यंत्र किंवा मोबाइल मजकूर मोठ्यानें वाचून दाखवूं शकतो, पण पीडीएफमध्यें नुसतें पानाचें छायाचित्र असेल तर त्यास वाचण्यासारखें कांहीं सांपडतच नाहीं. येथें कायदा वाचकाच्या बाजूनें आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, ज्यांना नेहमींच्या रूपांत पुस्तक वाचतां येत नाहीं अशा व्यक्तींसाठीं तें सुलभ रूपांत आणण्यास हक्कदाराची वेगळी अनुमति लागत नाहीं; आणि अंधांसाठींच्या मराकेश करारास मान्यता देणारा भारत हा २०१४ सालीं जगांतील पहिला देश ठरला. २०१६ सालीं सुरू झालेलें ‘सुगम्य पुस्तकालय’ अशा वाचकांना ऐकतां येतील अशीं पुस्तकें पुरवितें. तेथें नांव नोंदवितांना अपंगत्वाचा दाखला लागतो, तेवढा आधींच हाताशीं असूं द्यावा.