सेझचे आकर्षण : सुविधा की सवलत?

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा संसदेने मे २००५ मध्ये फारशा वादाविना मंजूर केला. वाद पेटला तो नंतर, आणि तोही प्रथम सरकारच्याच घरात. निर्यात, गुंतवणूक व रोजगार वाढेल, अशी ग्वाही कमलनाथ यांचे वाणिज्य मंत्रालय देत होते. उद्योग नव्याने उभे न राहता केवळ जागा बदलतील आणि महसूल बुडेल, ही धास्ती चिदंबरम यांच्या अर्थ मंत्रालयाला होती.

१९६५ मध्ये कांडल्याला आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले, तेव्हापासून अशा क्षेत्रांचे आकर्षण बंदराचे सान्निध्य, शुल्कमुक्त आयात आणि सुलभ परवाने यांत शोधले गेले. नव्या कायद्याने त्याला प्राप्तिकरमाफीची जोड दिली : निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण, पुढील पाच वर्षे निम्मी.

यांतील नेमके काय भावले? सॉफ्टवेअर पार्कांची करमाफी मार्च २०११ अखेर संपणार हे स्पष्ट होताच माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा ओघ सेझकडे वळला. या कंपन्यांना बंदर लागत नाही. त्यांना खेचले ते करमाफीने. २०११ च्या अर्थसंकल्पाने सेझवर किमान पर्यायी कर लादला आणि उत्साहाला ओहोटी लागली.

दुसरे आकर्षण जमिनीचे. मार्च २००७ मध्ये नंदीग्राम रक्ताळले. पुढच्याच महिन्यात केंद्राने क्षेत्रफळावर ५,००० हेक्टरांची मर्यादा घातली. रायगडच्या पेण परिसरातील बावीस गावांत सप्टेंबर २००८ मध्ये जनमत घ्यावे लागले. ही भीती अनाठायी नव्हती. महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालानुसार अधिसूचित सुमारे ४५,६०० हेक्टरांपैकी जेमतेम ६२ टक्के जमिनीवर काम सुरू झाले होते. महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुमारे ५,४०० हेक्टर जमीन सेझमधून वगळून व्यापारी कारणांसाठी वळविण्यात आली.

२०१९ मध्ये कंपनीकराचे दर सर्वांसाठीच उतरले आणि २०२० नंतर नव्या घटकांची करमाफी थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये तर माहिती तंत्रज्ञान सेझमधील इमारतींचे मजले सेझबाहेरच्या वापरासाठी मोकळे करण्याची मुभा सरकारलाच द्यावी लागली. सवलतीसाठी आलेला उद्योग सवलतीबरोबर निघून जाऊ शकतो. शेतकऱ्याची गेलेली जमीन मात्र परत येत नाही. नवा कायदा करताना संसदेने हा हिशेब तरी आधी मांडावा.