टायबरकाठी पडलेला माणगावचा नाईक

इटलीत पेरूजा प्रांतामध्ये मोन्तोने नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने आणि युद्धेतिहासाच्या काही अभ्यासकांनी २०२३ च्या जुलैमध्ये एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याच्यासाठी निवडले. हे घड्याळ कोणा इटालियन सरदाराचे स्मारक असेल, असे वाचकांना वाटेल. पण ते आहे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांचे! वयाने तो माझ्या विद्यार्थ्यांएवढाच, म्हणून मी त्याला एकेरीत संबोधतो.

यशवंत १९२१ साली माणगाव तालुक्यातल्या पळसगावी जन्मला, आणि पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर इटलीच्या रणांगणावर पोहोचला. इटलीने १९४३ मध्येच शरणागती पत्करली होती. परंतु जर्मन फौजा डोंगर-डोंगर लढवीत होत्या.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंताच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. साथीदार एकूणएक ठार वा जखमी झाले. उरला तो एकटा, आणि तो पुढे धावला! हातबॉम्ब फेकून त्याने मशीनगन व ती चालविणारा गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी त्याला लागली. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे मात्र लाभले नाही. ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही, अशा चार हजारांवर सैनिकांच्या नावांत, कॅसिनोच्या स्मारकावर, त्याचे नाव आहे.

वर्गात हे सांगितले की एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, “सर, पण ते इंग्रजांसाठीच लढले ना?” प्रश्न रास्त आहे. त्याच महिन्यात नेहरू-पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्याच कैदेत होते. मी त्याला एवढेच म्हणतो, “बाळ, सैन्य इंग्रजांचे होते, पण जर्मनांच्या टाचेखालून सुटली ती टायबरकाठची गावे. त्यांनी त्याची आठवण ठेवली. आणि साथीदार भोवती पडले असताना पुढे टाकलेले ते पाऊल कुठल्याही सरकारचे नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते.”

दिवाळीच्या सुटीत श्रीवर्धन-हरिहरेश्वरला निघालेली मंडळी माणगावला चहाला थांबतातच. तिथे तहसील कचेरीजवळ यशवंताचा पुतळा आहे. पाच मिनिटे काढा, मुलांना तिथे न्या आणि पळसगावच्या या पोराची गोष्ट त्यांना सांगा.