डब्ल्यू. जी. ग्रेस : चरित्र, आख्यायिका आणि कीर्ती

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील सर्वपरिचित व्यक्तींमध्ये विल्यम गिल्बर्ट ग्रेस (१८४८–१९१५) याची गणना होते. क्रिकेटच्या इतिहासातील त्याचे स्थान निर्विवाद आहे. साहित्याभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो : ही कीर्ती कोणी शब्दबद्ध केली?

ब्रिस्टलजवळील डाउनएंड येथे एका डॉक्टरच्या घरी ग्रेसचा जन्म झाला. १८७१ च्या हंगामात त्याने २,७३९ धावा काढल्या. ऑगस्ट १८७६ मध्ये केंटविरुद्ध ३४४ धावा करून प्रथम दर्जाच्या सामन्यांतील पहिले त्रिशतक नोंदविले. १८७९ मध्ये तो वैद्यकीय पदवीधर झाला. १८८० मध्ये ओव्हलवर, इंग्लंडच्या भूमीवरील पहिल्या कसोटीत, त्याने १५२ धावा केल्या. त्या सामन्यात त्याचे दोन भाऊही खेळले. १८९५ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने शंभरावे शतक पूर्ण केले आणि एका वृत्तपत्राने उभारलेल्या शिलिंग-निधीत ५,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली.

या निधीतच त्या काळाची विसंगती दडलेली आहे. क्रिकेट तेव्हा ‘हौशी सभ्य गृहस्थ’ आणि ‘व्यावसायिक’ अशा दोन वर्गांत विभागले होते. ग्रेस हौशी म्हणून नोंदला गेला. तरीही १८७३–७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याने १,५०० पौंड घेतले. ही रक्कम सोबतच्या व्यावसायिकांच्या मानधनाच्या कितीतरी पट होती. वर्गभेदाचा नियम त्याच्यासाठी वाकविला गेला, मोडला मात्र गेला नाही.

त्याच्याविषयीच्या आख्यायिकांचा आशयही हाच आहे. बाद झाल्यावर त्याने बेल्स पुन्हा यष्टींवर ठेवून, प्रेक्षक आपली फलंदाजी पाहायला आले आहेत, असे पंचाला सुनावले, ही कथा अनेक रूपांत सांगितली जाते. तिचे पाठभेद पाहता ती घटनेपेक्षा लोककथेच्या जवळची वाटते. तिची सत्यता गौण आहे. नियमाहून मोठ्या माणसाची समाजाला वाटणारी ओढ तीत व्यक्त होते, हे महत्त्वाचे. दुसरीकडे, १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींचे शब्दांकन आर्थर पॉरिट या पत्रकाराचे होते. म्हणजे, ज्याला आपण आत्मचरित्र म्हणतो तेथेही नायकाचा आवाज दुसऱ्याच्या लेखणीतून येतो. आर्थर कॉनन डॉइलने तर १९०० मध्ये ग्रेसला बाद केल्याच्या प्रसंगावर कविताच रचली.

या कीर्तीला वसाहतींचाही पैलू आहे. १८८६ मध्ये मुंबईचा पारशी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा लॉर्ड्सवर त्याच्याविरुद्ध एमसीसीकडून ग्रेस खेळला. १८९६ मध्ये रणजितसिंहजींनी पहिली कसोटी खेळली ती ग्रेसच्याच नेतृत्वाखाली. पुढे त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) या ग्रंथात एक मर्मभेदी आक्षेप घेतला : इंग्लंडचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्या नामवंतांनी आपल्या काळच्या या सर्वांत परिचित इंग्रजाचा नामोल्लेखही केला नाही.

लॉर्ड्सवर १९२३ मध्ये ग्रेसच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार उभारले गेले आणि त्यावर ‘महान क्रिकेटपटू’ एवढाच गौरव कोरला गेला. त्या गौरवाने तो मैदानापुरता सीमित झाला. त्याला समाजेतिहासात आणण्याचे काम साम्राज्याच्या केंद्राने नव्हे, तर परिघावरील एका लेखकाने केले. लोकप्रिय संस्कृतीला वाङ्मयेतिहासात कोणते स्थान द्यावे, याचा विचार करताना तौलनिक अभ्यासाने हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.