गाडी जरा थांबवता का?

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात ‘यंदा कुठं?’ हा विषय निघतोच. दोन वर्षांपूर्वी बार्शीहून कोल्हापूर, पन्हाळा आणि पुढे गणपतीपुळे असा बेत ठरला. भाड्याची गाडी, आम्ही सहाजण आणि ड्रायव्हर. पहाटे पाचला निघालो. दशम्या, शेंगाचटणी, चिवडा, सगळी जय्यत तयारी! पाण्याच्या पाच मोठ्या बाटल्याही भरून घेतल्या होत्या. दुपारी कोल्हापुरात उतरलो, तेव्हा त्यातल्या तीन तशाच भरलेल्या.

मैत्रिणींनो, कारण तुम्हाला सांगायला नकोच. “अक्का, पाणी घ्या ना,” असं मी थोरल्या जाऊबाईंना दोनदा म्हटलं. “नको गं बाई, मग थांबावं लागतं,” हे त्यांचं उत्तर. मी तरी काय वेगळं करत होते? ओठ ओले करण्यापुरता घोट घ्यायचा नि बाटली पायाशी ठेवायची.

अक्कांना सांगोल्याच्या पुढे लघवीला लागली होती. पुढे दीर, मागे पुतण्या, कसं सांगायचं? कोल्हापूरपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी उन्हाळी लागली. वाटलं, धने-जिऱ्याचं पाणी दिलं की बरं वाटेल. पण रात्री हुडहुडी भरून ताप आला, कंबर दुखायला लागली आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांना शुगर आहे आणि गोळ्या कुठं, तर टपावर बांधलेल्या बॅगेत! (औषधं पर्समध्येच हवीत, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.)

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवली की ते धुऊन जात नाहीत, उलट वाढायला वेळ मिळतो. शुगर असेल तर आणखीच धोका. नुसती जळजळ असेल तरी दाखवावं, पण थंडीताप आणि कंबरदुखी असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, मग घरगुती उपाय करत बसायचं नाही. अक्कांना दोन दिवस सलाईन लागलं. ज्या अंबाबाईसाठी एवढं आलो, तिची ओटी मी एकटीनंच भरून आले. पन्हाळा तर राहिलाच.

पुरुषांना तंबाखू मळायला गाडी थांबवावीशी वाटली तर कुणी घड्याळ बघत नाही. आपण थांबा म्हटलं की “आत्ता तर निघालो!” म्हणून आता मी निघायच्या आधीच सांगून टाकते, दर दोन तासांनी गाडी थांबणार. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरमध्ये हवा या सोयी मोफत असतात. पेट्रोल भरलं नाही तरी मागता येतात. एका पंपावर ‘चावी हरवलीय’ असं ऐकवलं. मी तक्रारवही मागितली, चावी दोन मिनिटांत सापडली! पर्समध्ये साबणाची वडी, दोन पॅड नि एक जुनी ओढणी असली की आडोशाचीही सोय होते.

अक्कांना बरं वाटल्यावर एक दिवस गणपतीपुळ्याला जाऊन आलो. आंबा घाटात पुतण्या मोबाईल बघत बसला आणि व्हायचं तेच झालं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, घाटात नाही. तिनं झोप येते, तेव्हा ड्रायव्हरला चुकूनही देऊ नये.

खरी भीती परतताना वाटली. रात्रीचे तीन वाजले असतील. सगळे झोपलेले. ड्रायव्हर सारखा मान चोळत होता, जांभया देत होता. एकदा गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली नि परत आली. मी आरशातून बघत होते आणि खरं सांगते, दहा मिनिटं गप्प बसले. बाईमाणसानं ड्रायव्हरला काय शिकवायचं! मग दुसऱ्यांदा पट्टा ओलांडला तेव्हा तोंडातून निघालं, “दादा, गाडी थांबवा.” आमचे हे जागे होऊन म्हणाले, “झालं, परत?” मी म्हटलं, “हो, परत.”

ढाब्यावर त्यानं चहा घेतला नि सीट मागे करून वीस मिनिटं झोपला. नंतर म्हणाला, “ताई, आदल्या रात्रीही लग्नाचं भाडं होतं.” काच उघडी ठेवणं, मोठ्यानं गाणी लावणं याचा उपयोग जेमतेम काही मिनिटं होतो. झोपेवर झोप हाच उपाय. पहाटे दोन ते पाच गाडी रस्त्यावर नसलेलीच बरी. आता गाडी ठरवताना भाड्याबरोबर ‘काल रात्री झोपलात का?’ हेही मी विचारते.

तेवढ्या वेळात मी आणखी एक काम केलं. मागच्या सीटचे पट्टे शोधले. कव्हरखाली दडपलेले होते! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला, ते मागच्याच सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. एवढी महागडी गाडी असून! गरोदर बाईनंही पट्टा लावावा, फक्त खालचा पट्टा पोटावरून नको, ओटीपोटाच्या खालून घ्यावा. मोबाईलमध्ये रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे नंबर आहेत ना, तेही बघून ठेवा.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बायकांना घेऊन अक्कलकोट-गाणगापूरला गेले. अक्काही होत्या. पहिल्या थांब्यावर कुणीच उतरेना, सगळ्या एकमेकींकडे बघतायत. शेवटी अक्का उतरल्या, मग एकेक करत सगळ्या. परतीला ड्रायव्हर जरा रेटूनच चालवत होता. थांब्याची वेळ टळली, तशी मागून सत्तरीच्या आजींचा खणखणीत आवाज आला, “ए लेकरा, थांबीव की गाडी! पाणी पिलोय आम्ही.”