चारही चाकांची जीप : फेरफार, विमा आणि निगा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जमिनीची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणारा काळ्या मातीचा बागायत पट्टा हे एक रूप, तर त्याच्या उत्तरेस सुपे-मोरगावकडील मुरमाड माळाचा जिरायत भाग हे दुसरे. बारामतीजवळचे कन्हेरी हे गाव तेथील मारुतीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. अशा गावांना जोडणारे मुख्य रस्ते डांबरी झाले, तरी शिवारातील वस्त्यांकडे जाणाऱ्या पाणंदींचा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतोच. काळी माती भिजली म्हणजे ती चाकाला चिकटते, चाक जागच्या जागी फिरू लागते आणि साधी मोटार रुतून बसते. वस्तीवरील रुग्ण किंवा बाळंतीण दवाखान्यात हलवायची असेल, तर अशा वेळी चारही चाकांना गती देणारी गाडीच उपयोगी पडते.

ही गाडी महाराष्ट्राला नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी तयार झालेल्या विलिस जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याची जीप खेडोपाडी पोहोचली. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्या आणि जीप हे ग्रामीण प्रशासनाचे जणू बोधचिन्हच ठरले. शासकीय जीपची जागा पुढे अन्य वाहनांनी घेतली. परंतु बागायतदार, कंत्राटदार आणि हौशी तरुण यांच्याकडे अशा गाड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. २०१० मध्ये बाजारात आलेली आणि २०२० मध्ये नव्या रूपात अवतरलेली महिंद्र कंपनीची ‘थार’, तसेच पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

गाडी घेतल्यानंतर अनेकांचे पहिले पाऊल गॅरेजकडे वळते. मोठी चाके, उंच केलेली चासी, पुढे लोखंडी कठडा, वर दिव्यांची रांग असे बदल होतात. मात्र यांतील प्रत्येक बदलाचा संबंध आर. सी. बुक आणि विम्याची पॉलिसी या दोन कागदांशी असतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. या कागदांवर लिहिलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी एकच असली, तरच अपघाताच्या वेळी ते कागद मालकाच्या पाठीशी उभे राहतात.

यंत्ररचना

सर्वसाधारण मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. चार चाकी चालनाच्या गाडीत गिअरबॉक्सच्या पाठीमागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची आणखी एक पेटी असते. ती ही शक्ती पुढील व मागील अशा दोन्ही आसांकडे वाटून देते. हिच्या तरफेत सामान्यतः तीन अवस्था असतात : नेहमीच्या रस्त्यासाठी दोन चाके, निसरड्या वाटेसाठी चार चाके, आणि खडा चढ किंवा खोल चिखल यांसाठी चार चाके मंद गतीने. शेवटच्या अवस्थेत वेग कमी होतो. पण चाकांची ओढ वाढते.

येथे एक दक्षता आवश्यक असते. वळण घेताना पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते घसरत नाही आणि दोन आसांमधील यंत्रणेत पीळ पडत जातो. जुन्या जीपमध्ये आणि आजच्या बहुतेक अशा गाड्यांमध्ये हा पीळ सोडविणारी मधली व्यवस्था नसते. त्यामुळे चारही चाकांचे चालन केवळ भुसभुशीत, ओल्या वा निसरड्या जमिनीवरच वापरणे योग्य होय. याच कारणास्तव चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावे लागतात.

फेरफार आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविणे यासारख्या बाबींस विहित अटींवर मुभा आहे. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलून नव्या स्वरूपात आले. त्यानुसार अनुज्ञेय नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पुढील लोखंडी कठड्याविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे कठडे बसविणाऱ्यांवर कारवाई करण्यास कळविले होते. मोटारीचा पुढील भाग धडकेच्या वेळी चेपून आघात शोषून घेईल अशा रीतीने घडविलेला असतो. कठड्यामुळे तो आघात थेट चासीपर्यंत जातो, हवेच्या सुरक्षा-पिशव्या उघडण्यात व्यत्यय येऊ शकतो आणि समोर आलेल्या पादचाऱ्यास होणारी इजा अधिक गंभीर ठरते.

मोठ्या टायरांचेही तसेच आहे. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंच व्यासाचे टायर बसविले, तर वेगमापक ताशी ६० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. जड चाक थांबविण्यासाठी ब्रेकवर अधिक ताण येतो. कमानपाटे किंवा स्प्रिंग बदलून गाडी उंच केल्यास तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. मूळ मापाचे, तेवढीच भारक्षमता असलेले, परंतु खोल नक्षीचे टायर घेतले, तर पाणंदीतील बहुतांश अडचण दूर होते आणि नोंदणीच्या तपशिलाला बाधाही येत नाही.

रंग वा इंजिन यांसारखा नोंदणीतील तपशील बदलत असेल, तर तो बदल करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी. कर्जावर घेतलेल्या गाडीबाबत कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमतीही घ्यावी लागते. बारामती येथे स्वतंत्र उपप्रादेशिक परिवहन कार्यालय असल्याने (तेथील नोंदणी क्रमांक ‘एमएच-४२’ ने सुरू होतो) दोन्ही तालुक्यांतील वाहनमालकांना या कामासाठी पुण्यास जावे लागत नाही.

विम्याचे संरक्षण

विम्याचे दोन भाग असतात. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असून, तो ‘विमा घोषित मूल्या’वर आधारलेला असतो. हे मूल्य गाडीच्या वयानुसार घटते. रूढ कोष्टकाप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के घसारा धरला जातो. दुरुस्तीच्या वेळी टायर, रबरी व प्लॅस्टिकचे भाग आणि बॅटरी यांच्या किमतीतूनही साधारणपणे निम्मी रक्कम वजा होते. दोर ओढणारे विंच, जादा दिवे इत्यादी उपकरणांची पॉलिसीत स्वतंत्र नोंद करून जादा हप्ता भरलेला नसेल, तर त्यांची भरपाई मागता येत नाही.

समजा, एका बागायतदाराने जीप उंच करून मोठे टायर बसविले आणि विमा कंपनीस कळविले नाही. वळणावर गाडी उलटली आणि रस्त्याने जाणारा शेतमजूर जखमी झाला. पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकास फेरफार लगेच दिसतो. गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची किंवा त्यात कपात होण्याची शक्यता अशा वेळी निर्माण होते. मजुराच्या भरपाईबाबत पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाल्यास, न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीस आधी रक्कम द्यावयास लावते व नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. तसे झाले, तर गॅरेजमधील हौसेचा हिशेब शेतजमिनीपर्यंत येऊन पोहोचतो.

खाजगी पॉलिसीतील आणखी काही मर्यादा ध्यानी ठेवण्यासारख्या आहेत. भाडे घेऊन प्रवासी नेणे, म्हणजेच बोलीभाषेतील ‘वडाप’, या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी परवानाही लागतो. शर्यती व वेगाच्या चाचण्याही वगळलेल्या असतात. ओढ्याच्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेली मोडतोड सर्वसाधारण पॉलिसीत भरून मिळत नाही. पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी चालू न करता टोचन करून बाहेर काढावी आणि विमा कंपनीस तत्काळ कळवावे. इंजिन संरक्षणाची पुरवणी जादा हप्त्यावर मिळते. ओढे ओलांडणाऱ्यांनी ती घेणे इष्ट ठरते.

शासनाच्या मालकीच्या व शासकीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना सक्तीच्या विम्यातून कायद्याने सूट दिली आहे. परंतु अपघाताच्या दायित्वातून ही सूट नाही. स्थानिक संस्थांच्या वाहनांना सूट हवी असल्यास शासनाचा आदेश आणि भरपाईसाठी निधी या अटी आहेत. म्हणून पंचायतीने वाहन घेताना विमा गृहीत धरूनच खर्चाची तरतूद करावी. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. ती वाहने नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्राकडेच द्यावी लागतात. खाजगी गाडीस मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण मिळू शकते.

ऋतूनुसार निगा

उन्हाळ्यात माळावरील धूळ हवेच्या गाळणीत साचते आणि इंजिन गुदमरते. गाळणी वारंवार झाडणे व वेळेवर बदलणे हा अल्पखर्चाचा उपाय होय. पावसाळ्यापूर्वी ब्रेक, बॅटरी आणि टायरची नक्षी तपासावी. ओढा ओलांडल्यावर हलकेच ब्रेक दाबत काही अंतर जावे, म्हणजे ब्रेक कोरडे होतात. चिखलातून आलेल्या गाडीची चासी त्याच दिवशी पाण्याने धुवावी. वाळलेली काळी माती ओलावा धरून ठेवते आणि गंज आतून पसरतो. डिफरन्शियल व ट्रान्सफर केसमधील तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते विनाविलंब बदलावे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना ठरलेल्या अंतराने ग्रीस द्यावे.

चार चाकी चालन वर्षभर वापरले नाही, तर त्याची तरफ आखडते आणि नेमक्या गरजेच्या रात्री ती लागत नाही. महिन्यातून एकदा शेताच्या मऊ वाटेवर ती लावून थोडे अंतर गाडी चालवावी. चिखलात टायरमधील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यास लागताच ती पूर्ववत भरणे अगत्याचे असते. ही सर्व कामे दिनांकासह वहीत नोंदवावीत व पावत्या जपून ठेवाव्यात. शासकीय वाहनाच्या लॉगबुकाची शिस्त खाजगी मालकासही दाव्याच्या वेळी उपयोगी पडते.

गाडी कोठेही जाऊ शकते, म्हणून ती कोठेही न्यावी असे नाही. बारामती-इंदापूरच्या माळावरील गवताळ पट्टे हे चिंकाऱ्यांचे घर आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, ते याच प्राण्यासाठी. चाकांनी तुडविलेले गवत लवकर सावरत नाही आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी चिरडली जातात. वनक्षेत्रात परवानगीवाचून वाहन नेणे हा गुन्हाही ठरतो.

ग्रामसभेत किंवा शाळेच्या पालक मेळाव्यात वर्षातून एकदा परिवहन व विमा क्षेत्रातील जाणकारांस बोलावून हा विषय समजावून देता येईल. गावातील अशा वाहनांच्या मालकांनी पावसाळ्यापूर्वी आपली गाडी आणि तिचे कागद एकत्र ठेवून ताडून पाहिले, तर मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर वस्तीवरून निरोप येताच ती गाडी निर्धास्तपणे बाहेर काढता येईल.